जंबो : हत्तीच्या नावाचे विशेषण

नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या वस्तूला ‘जंबो’ म्हणण्याची पद्धत एका आफ्रिकी हत्तीमुळे रूढ झाली. लंडनच्या बोलीत हा शब्द थोराड, बेढब माणसासाठी 1823 मध्येच नोंदलेला आढळतो. पण त्याला जगभर नेले ते या हत्तीने. पूर्व आफ्रिकेत पकडलेले हे पिल्लू पॅरिसमार्गे 1865 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आले. मॅथ्यू स्कॉट या माहुताने त्याला वाढवले. पुढे तो 11 फुटांच्या आसपास उंच झाला आणि मुलांना पाठीवर बसवून फिरवू लागला. 1882 मध्ये अमेरिकी सर्कसमालक पी. टी. बार्नम याने तो 2,000 पौंडांना विकत घेतला, तेव्हा लंडनमध्ये मोठा गहजब झाला. बार्नमने त्याच्या आकाराचा डांगोरा पिटला आणि शिवणदोऱ्याच्या जाहिरातींवरही जंबो झळकला. 15 सप्टेंबर 1885 रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे मालगाडीची धडक बसून तो मेला. तोवर त्याचे नाव विशेषण बनू लागले होते.

विसाव्या शतकात या शब्दाला विमानाने नवे बळ दिले. बोइंग 747 ने 9 फेब्रुवारी 1969 रोजी पहिले उड्डाण केले आणि ते ‘जंबो जेट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘सम्राट अशोक’, 1971 मध्ये आले.

मराठीत ‘जंबो’ला लिंग-वचनाचा विकार होत नाही : जंबो सर्कस, जंबो पॅक, जंबो वडापाव. ‘अगडबंब’, ‘अवाढव्य’ या शब्दांत थट्टा किंवा धास्ती असते, त्यामुळे ते वेष्टनावर छापले जात नाहीत. दुकानात ‘जंबो’ म्हणजे जास्त माल; वृत्तपत्रात मात्र त्याच शब्दाने टोमणा मारता येतो. ‘जंबो मंत्रिमंडळ’ हा असाच प्रयोग. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर रोखली. 288 आमदारांच्या महाराष्ट्रात ही मर्यादा 43 होते.

आकार नसलेल्या गोष्टींनाही आता हा शब्द लागतो. मुंबईत रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद राहतात, त्याला मध्य रेल्वे ‘मेगाब्लॉक’ म्हणते, तर पश्चिम रेल्वे ‘जंबो ब्लॉक’. नोकरभरतीची ‘जंबो भरती’ आणि 2020 मधील ‘जंबो कोविड केंद्रे’ यांत जोर संख्येवर व क्षमतेवर आहे.