कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल : तीन आज्ञांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या गाइडना निकालांचा एक तक्ता पाठवला. रेणूंच्या ऊर्जेची गणितं संगणकावर करणं हे माझं काम. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आम्हाला सोर्स कोडच्या रूपात मिळतं. त्यातल्या एका सूत्रात मी दुरुस्ती केली होती आणि तक्ता दुरुस्तीनंतरचा होता. निदान मला तसं वाटत होतं. पण नवे आकडे जुन्या आकड्यांशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळत होते! दोन दिवस मी माझ्या सूत्रातच चूक शोधत बसले. चूक तिथे नव्हतीच. मी ‘मेक’ चालवलं होतं आणि ‘मेक इन्स्टॉल’ विसरले होते. नवा प्रोग्राम फोल्डरमध्ये पडून होता, क्लस्टर जुनाच चालवत होता. तक्ता मागे घ्यावा लागला.

नंतर कळलं की ‘मेक’चा जन्मच अशा एका वाया गेलेल्या सकाळीतून झाला आहे. तीच गोष्ट आज सांगते.

आधी कंपाइल करणं म्हणजे काय ते पाहू. सोर्स कोड म्हणजे धान्य. माणसाला वाचता येतो, निवडता येतो, पण प्रोसेसरला तो तसाच पचत नाही. कंपायलर म्हणजे गिरणी. ती त्याचं प्रोसेसरला कळणारं पीठ करते. आपण मोबाइलवर अॅप घेतो ते पाकीटबंद पीठ. सोर्सपासून इन्स्टॉल करणं म्हणजे धान्य आणून आपल्याला हवं तसं दळून घेणं.

आता १९७६. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन काम करत होते. एक दिवस त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्यांच्या खोलीत आले. एका बरोबर प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. चूक सुधारलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी अशाच भानगडीत अडकले होते. त्यांनी त्याच वीकेंडला ‘मेक’ लिहिलं.

त्यामागची कल्पना साधी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते, ते ‘मेकफाइल’मध्ये एकदा लिहून ठेवायचं. मग मेक वेळा तपासतं. सोर्सची फाइल तयार मालापेक्षा नवी असेल, तर तेवढाच भाग पुन्हा बनवायचा. बाकीच्याला हात लावायचा नाही. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या तर चालत नाही, यावर तुम्हीही कधीतरी डोकं आपटलं असेल. फेल्डमन यांना ही अडचण लवकरच जाणवली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी आपण आजही टॅब दाबतोय. २००३ साली मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकने ‘कधी दळायचं’ हा प्रश्न सोडवला. ‘कुठल्या गिरणीत’ हा प्रश्न राहिला. १९८०च्या दशकात युनिक्सला फाटे फुटले. बर्कलीचं वेगळं, एटी अँड टीचं वेगळं, सनचं, डेकचं, एचपीचं वेगळं. एकीकडे असलेलं फंक्शन दुसरीकडे नसायचं. लॅरी वॉल (पुढे पर्ल भाषा त्यांनीच केली) यांनी आपल्या आरएन या प्रोग्रामसोबत एक ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट दिली. ती यंत्राची चाचपणी करायची आणि वापरणाऱ्याला प्रश्नही विचारायची.

जून १९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नू प्रकल्पाची बरीच सॉफ्टवेअर सांभाळत होते. मेकफाइलमध्ये वापरणाऱ्याला निवडाव्या लागणाऱ्या पर्यायांची संख्या विसाच्या घरात गेली होती. त्यांनी ‘ऑटोकॉन्फ’ सुरू केलं. त्याची पद्धत मला फार आवडते, कारण ती आमच्या प्रयोगशाळेसारखी आहे. यंत्राला ‘तू कोणत्या कंपनीचं?’ असं विचारायचं नाही. एक चिमुकला प्रोग्राम लिहायचा आणि कंपाइल करून पाहायचा. झाला तर ती सोय आहे, नाही झाला तर नाही. कॉन्फिगर चालवल्यावर स्क्रीनवर धावणाऱ्या शेकडो ओळी म्हणजे असे शेकडो छोटे प्रयोग असतात.

वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसलं तरी अडू नये, म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्ट आधीच तयार करून सोर्सच्या गाठोड्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, घालून देतात. त्यामुळे टारबॉलमध्ये अशा फाइली असतात, ज्या लेखकांच्या मूळ कोडसाठ्यात नसतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात डेबियनसारखी वितरणं आली, तयार पॅकेजं मिळू लागली आणि बहुतेकांचं दळण सुटलं. उरलो आमच्यासारखे : ज्यांना कोड बदलायचा असतो, प्रोसेसरचा वेग पुरेपूर वापरायचा असतो, किंवा ज्यांच्याकडे क्लस्टरच्या अॅडमिनचे अधिकार नसतात आणि म्हणून ‘प्रीफिक्स’ देऊन सगळं आपल्याच होम फोल्डरमध्ये बसवावं लागतं.

स्वतः कंपाइल केलं म्हणजे आत काय आहे ते ठाऊक, असं आपण समजतो. १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी या समजुतीला सुरुंग लावला. कंपायलरमध्येच खोड लपवली, तर तो स्वच्छ सोर्सपासूनही खोडसाळ प्रोग्राम बनवू शकतो. इतकंच नव्हे, कंपायलरचा स्वच्छ सोर्स पुन्हा कंपाइल केला तरी ती खोड नव्या कंपायलरमध्ये उतरते. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ उरलेलं असतं ना, म्हणून तर उपवासाचं दळण आपण वेगळं नेतो. तसंच हे.

आणि २०२४. एक्सझेड नावाचं, फाइली आवळून लहान करणारं एक सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं. काही वर्षं नीट काम करून विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्याच्या नावाने त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातली गेली. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये दडवला होता. तो बाहेर काढणारी कळ होती कॉन्फिगरला लागणाऱ्या एका फाइलमध्ये, आणि ती फाइल फक्त टारबॉलमध्ये होती. मूळ कोडसाठा वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यांनी पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ला प्रकरण जाहीर केलं. ही आवृत्ती अजून बहुतेक स्थिर वितरणांत पोहोचली नव्हती, म्हणून निभावलं.

मला यात आमच्या कामाचंच चित्र दिसतं. आम्ही शोधनिबंधात सूत्रं लिहितो, सॉफ्टवेअरचं नाव लिहितो. पण आकडे देतो तो दळलेला प्रोग्राम, आणि तो कुठे, कशाने, कधी दळला, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून आता माझ्या प्रत्येक निकालाच्या फाइलीत पहिल्या ओळींमध्ये कंपायलरची आवृत्ती, कंपाइल केल्याची तारीख आणि कोडच्या त्या अवस्थेचा गिट क्रमांक आपोआप छापला जातो. चार ओळींचं काम होतं. तुमचे आकडे उद्या असे संशयास्पद जुळले, तर सूत्राला हात लावण्याआधी ‘विच’ ही आज्ञा देऊन नेमका कुठला प्रोग्राम चालतोय ते बघा. माझे दोन दिवस वाचले असते.