सुरतेची जुनी मोटार गोव्यात आणण्यापूर्वी

‘जीजे ०५’ क्रमांकाची जुनी मोटार सुरतेत गोव्यापेक्षा कमी किमतीला मिळाली, तरी तो सौदा किफायतशीर ठरेलच असे नाही. मोटार घेतली सुरतेत, तरी ती चालणार गोव्यात. म्हणून निवड येथील रस्ते, पाऊस, इंधन आणि कर पाहूनच करावी लागते.

तापीकाठची सुरत सपाट प्रदेशात वसलेली आहे. तेथे सीएनजी सहज मिळतो. गोव्यात असे पंप मोजकेच आहेत, शिवाय चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना लहान इंजिनाच्या सीएनजी मोटारीची दमछाक होते. टाकीच्या दाबचाचणीचा दाखला आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील सीएनजीची नोंद पाहिल्याविना अशी मोटार घेऊ नये.

खरा धोका पाण्याचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. शहरातील खाड्यांचे पाणी आजही पावसाळ्यात वस्त्यांत शिरते. बुडालेली मोटार धुऊन चकचकीत करता येते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाची रेघ दिसू शकते, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंजही लपत नाही. अशा मोटारीची वायरिंग आणि एअरबॅग ऐन वेळी दगा देऊ शकतात. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती विक्रेत्याकडे जरूर मागावी. आधीच गंज धरलेला पत्रा गोव्याच्या खाऱ्या हवेत आणखी लवकर खराब होतो.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा तो मूळ नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला (नमुना २८). कर्ज फिटलेले असल्यास बोजा उतरवल्याचा नमुना ३५ हवा. अन्यथा दुसऱ्याचे थकीत कर्ज मोटारीसोबत घरी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाला नवा क्रमांक घ्यावा लागतो. ही मुदत म्हणजे मालकी बदलण्यात दिरंगाई करण्याची मुभा नव्हे: कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने हस्तांतरण ३० दिवसांत कळवायचे असते.

गोव्याचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. गुजरातेत भरलेल्या कराचा परतावा तेथील नियमांनुसार मागावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तंदुरुस्ती तपासून ती ५ वर्षांसाठी वाढते. त्यामुळे तेराव्या वर्षातल्या मोटारीवर कर भरणाऱ्याला दोन-तीन वर्षांतच पुन्हा वाहतूक खात्याची पायरी चढावी लागते.