भंगलेल्या पाट्यांचा मान

‘दान’ म्हटले की देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे आपण गृहीत धरतो. हिब्रू भाषेत यासाठी ‘त्झदाका’ हा शब्द आहे आणि त्याचा धातू न्यायवाचक आहे. गरजवंताला द्यायचे ते त्याचे देणेच असते, ते चुकवणे हा अन्याय, असा त्याचा भाव. ज्यू समाजाने ठिकठिकाणी वृद्धांसाठी ज्या धर्मादाय संस्था उभारल्या, त्यांच्या उगमाचे विवेचन या शब्दापासून सुरू करावे लागते. अशी संस्था उभी राहायला विचार, व्यवस्था आणि निकड हे तीन घटक एकत्र यावे लागतात. टोराँटोच्या ‘बेक्रेस्ट’ संस्थेत ते कसे एकत्र आले, ते क्रमाने पाहू.

विचार. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मैमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने दिलेले दान सर्वांत खालचे. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, ते वरून दुसरे. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला मागण्याच्या गरजेतूनच सोडवणे. घेणाऱ्याची मान किती ताठ राहिली, हीच या मोजणीतली मुख्य कसोटी. पण म्हातारपणी माणूस पुन्हा कमावता होईल, ही आशा नसते. तिथे मान कशाच्या आधारे टिकवायचा? तालमूद या ज्यू धर्मग्रंथात याचे उत्तर सापडते. देवाच्या आज्ञा कोरलेल्या ज्या दगडी पाट्या मोशेने फोडल्या, त्यांचे तुकडेही नंतरच्या अखंड पाट्यांबरोबर कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीतच, जपले होते. म्हणून वयामुळे विद्या विसरलेल्या वृद्धाचा मान कमी करू नये, असे तालमूद सांगतो.

व्यवस्था. ज्यू वस्त्यांत ‘कुप्पा’ नावाचा सार्वजनिक निधी असे. तो गोळा करायला किमान दोघे लागत आणि वाटायला तिघे. तीनच का? पैशाच्या दाव्याचा निवाडा करायलाही तीन न्यायाधीश लागतात. वाटप हा निवाडाच मानला गेला, म्हणून त्यालाही तीच संख्या. या सार्वजनिक निधीच्या जोडीला घरोघरी ‘पुश्के’ हा पत्र्याचा लहान डबा आला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावण्यापूर्वी घरची बाई त्यात नाणे टाकी. त्यामुळे मोठा दाता नसलेल्या वस्तीतही पैसा साठवण्याची सवय आणि हिशेबाची शिस्त दोन्ही तयार होती.

निकड. ती स्थलांतराने आणली. 1655 साली न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, ज्यूंना राहण्याची परवानगी मिळाली. त्यांच्यातल्या गरिबांचा भार त्यांनी स्वतःच उचलावा, ही अट तिच्यात होती. पुढे याच शहरात बनाय जेशुरून सभास्थानाच्या स्त्रियांनी 1848 मध्ये निराधार स्त्रियांसाठी मदत मंडळ काढले. त्यातून 1870 मध्ये वृद्धाश्रम उभा राहिला. टोराँटोत पूर्व युरोपातून आलेली पिढी म्हातारी होऊ लागली, तेव्हा प्रश्न केवळ छपराचा नव्हता. इतरांच्या आश्रमात कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेला, स्वयंपाक नसे. यिडिश बोलणाऱ्या म्हातारीला पाणी हवे की पांघरूण, हे कळणारेही कोणी नसे. धर्म पाळायचा तर उपाशी राहायचे आणि पोट भरायचे तर आयुष्यभराचा नेम मोडायचा, असा हा पेच होता.

तो सोडवला ‘एझ्रास नोशेम’ या स्त्रियांच्या मंडळाने. नावाचा अर्थच ‘स्त्रियांची मदत’. दारोदार फिरून सुटी नाणी जमवत त्यांनी सेसिल स्ट्रीटवर एक घर घेतले आणि 1918 मध्ये तिथे ज्यू वृद्धाश्रम सुरू केला. या घरात तिन्ही घटक एकत्र आलेले दिसतात. मान राखण्याचा विचार कोशर स्वयंपाकघरात उतरला, वर्गणीची जुनी रीत दारोदारच्या फेऱ्यांत चालू राहिली आणि निकड तर रोज डोळ्यांसमोर होती. अनेकांच्या नाण्यांवर उभे असल्याने घर कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही.

एका मोठ्या दात्याकडून होणारा उगमही याच परंपरेत आहे. पुण्याच्या नव्या पेठेतला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम मूळचा डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात तो उभा राहिला, आणि त्याचे दार ज्यूंपुरते ठेवलेले नाही. टोराँटोत समाजाने आपल्या वृद्धांचे देणे फेडले, तर पुण्यात ज्या भूमीने आसरा दिला तिचे. दोन्हीकडे उपकाराची भाषा अपुरी पडते.

सेसिल स्ट्रीटचे घर अपुरे पडल्यावर संस्था 1954 मध्ये बाथर्स्ट स्ट्रीटवर गेली आणि बेक्रेस्ट झाली. 1989 मध्ये तिथे रोटमन संशोधन संस्था निघाली. स्मृती आणि वार्धक्यातला मेंदू हा तिच्या अभ्यासाचा गाभा. विसरलेल्या माणसाचा मान राखा, असे जुने वचन सांगत होते. ज्या संस्थेने आधी त्याच्या ताटाची काळजी घेतली, तीच पुढे तो का विसरतो, हे शोधू लागली.