शाळेतील दांडगाईची मुळे : जुना सातारा जिल्हा

मुलांमधल्या दांडगाईचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात सुरू झाला. नॉर्वेत काम करणारे संशोधक डान ओल्वेउस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि ज्याला दिला जातो त्याला उलटून उभे राहता येत नाही. तोडीस तोड असलेल्या दोन पोरांची हाणामारी यात मोडत नाही. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एका मुलाला दुसऱ्यापुढे दुबळे कोण करते, हा प्रश्न तिच्यातून निघतो. अंगातले बळ आणि घरची परिस्थिती ही त्याची एरवी दिली जाणारी उत्तरे. जुन्या सातारा जिल्ह्याच्या शाळांचा इतिहास मात्र मोठ्या माणसांनी घातलेल्या नियमांकडे बोट दाखवतो. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

इंग्रजी अंमलापूर्वीच्या गावठी शाळा पंतोजी चालवत. छडी, अंगठे धरून उभे राहणे, कान पिळणे या शिक्षा तिथे अभ्यासाचाच भाग मानल्या जात. शिक्षेलाही उतरंड असे. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी १८२३ साली त्या भागातील देशी शाळांचे वर्णन लिहून ठेवले आहे. सकाळी पहिल्या येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, तिसऱ्याला एक हलकी छडी बसे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एकेक वाढती. त्याच पद्धतीत हुशार पोरे खालच्या पोरांना शिकवीत व त्यांच्यावर देखरेख ठेवीत. शिकवण्यापुरती ही सोय चांगलीच होती. पण ज्याच्या हाती देखरेख असते त्याच्या हाती मारही सहज येतो. पुढे सरकारी शाळा आल्या, छापील पुस्तके आली, छडी मात्र टिकून राहिली.

नियमांनी दुबळे केलेल्या मुलांत अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले सर्वांत खाली होती. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हेच पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत साताऱ्यातले ते दिवस तपशिलाने सांगितले आहेत. वर्गात त्यांना इतरांसोबत बसता येत नसे. बसण्यासाठी वेगळे तरट असे, आणि शाळा झाडणारा गडी त्या तरटाला हात लावीत नसल्यामुळे ते रोज घरी न्यावे लागे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली की इतर मुले मास्तरांना विचारून थेट नळावर जात. या मुलाला नळाची तोटी सोडायला शिपाई लागे. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही.

या आठवणींत कोणा मुलाने दगड मारल्याचे किंवा शिवी दिल्याचे सांगितलेले नाही. त्याची गरजच नव्हती. कोणाला शिवायचे नाही, कोणाला कोपऱ्यात बसवायचे, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला तरटाच्या जागेवरून रोज दिसत होते. या शिकवणुकीचे फळ काय, हे पुढे मुंबईत दिसले. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुले उठून धावली आणि आंबेडकर फळ्याशी पोहोचण्याआधी त्यांनी डबे बाजूला फेकले. ही कृती मुलांची, पण तिचे शिक्षण घराने आणि शाळेने दिलेले होते.

वाळवा तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसात संपली. मातंग समाजातल्या या मुलाला मास्तरांचा मार आणि जातीवरून मिळणारी वागणूक सोसवली नाही, असे त्यांची चरित्रे सांगतात. ते पुढे मराठीतले मोठे लेखक झाले. पण अशाच कारणाने शाळा सोडलेल्या बाकीच्या मुलांची नावे कोणत्याही चरित्रात येणार नाहीत, आणि नुकसानीचा मोठा वाटा तिथेच आहे. शाळेत न घेणे ही तर आणखी जुनी गोष्ट. मुंबई सरकारला १९२३ साली ठराव काढावा लागला, की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना अनुदान मिळणार नाही. प्रवेश मिळाल्यावर मुलाला बसवायचे कुठे, हा प्रश्न त्यानंतरही उरला.

त्यावरचे सर्वांत ठोस उत्तर याच जिल्ह्यात शोधले गेले. भाऊराव पाटील ऐतवडे बुद्रुकचे, जैन शेतकरी कुटुंबातले. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर 'शुद्धीची आंघोळ' करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, कामे वाटून घेत, स्वयंपाक स्वतः करीत आणि एकाच पंगतीत जेवत. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही.

या बोर्डिंगात भांडणे, चिडवाचिडवी झालीच नसेल असे मानायला आधार नाही. शंभर पोरे एका छपराखाली राहिली की कुरबुरी होतातच. पण ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याला विटाळ म्हणून हिणवणे अवघड होते. दांडगाईला लागणारी आयती उतरंड या व्यवस्थेने काढून घेतली, आणि तेही उपदेशाने नव्हे, कामाच्या वाटपाने. अमेरिकेत कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी १९३९ साली दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हुकूमशाही थाटाच्या प्रौढाखाली काही मंडळांतली मुले एकमेकांशी अधिक वैराने वागली आणि एखाद्याला सर्वांनी मिळून लक्ष्य केल्याचेही आढळले. विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळांत असे फारसे घडले नाही. साताऱ्यातला अनुभव त्याआधीचा.

गावची तालीम हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. मुलांच्या अंगातली रग कुस्तीत जिरते असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. आखाड्यात जोड बघून कुस्ती लावतात, वस्तादाची नजर असते आणि चीतपट झालेल्याला पुन्हा मारत नाहीत. या तीन अटींमुळेच कुस्ती दांडगाईपासून वेगळी ठरते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच वातावरणात घडले आणि त्यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. तालमीबाहेर तेच बळ एखाद्या किरकोळ मुलावर चालवले गेले तर तिथे वस्ताद नसतो.

१९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली. छडीला कायद्याने मनाई व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते, त्यामुळे कलमाचा रोख शिक्षकांवर आहे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला दिलेल्या त्रासासाठी महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. त्याची भाषा शिक्षण देणाऱ्या सर्व संस्थांना लागू पडेल अशी असली, तरी तो महाविद्यालये आणि त्यांच्या वसतिगृहांपुरता आहे असेच बहुतेकांना वाटते. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, असे त्यात बंधन आहे.