काळ आला होता, पण…

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या लहानपणी घाटात एक जीप दरीत कोसळली होती. आत पाच माणसं होती. तिघं गेली, दोघं वाचली. वाचलेल्यांत माझे मामू होते. त्यांना घरी आणलं तेव्हा अख्खा मोहल्ला जमला. नानीनं त्यांच्यावरून पैसे उतरवून खैरात केली. शेजारचे गुरुजी खाटेजवळ बसले आणि म्हणाले, ‘‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय तिथंच संपला.

ती जीप पुढं कित्येक पावसाळे दरीत गंजत पडली होती. गाडीच्या खिडकीतून आम्ही ती येता-जाता पाहायचो. पण खाली उतरावं, मामू बसले होते ती जागा कशी राहिली आहे ते पाहावं, जे गेले त्यांच्या डोक्यासमोर नेमकं काय होतं ते पाहावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, तो अशा दरीत उतरणारा माणूस होता.

त्याचं नाव ह्यू डीहेवन. जन्म १८९५चा, गाव न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. पहिल्या महायुद्धात वैमानिक व्हायची त्याला हौस. अमेरिकी सैन्यानं घेतलं नाही, म्हणून तो कॅनडात गेला आणि ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. १९१७ साली तो अजून शिकाऊच होता. सराव चालू असताना दुसरं विमान त्याच्या विमानावर आदळलं. लाकडाची, तारांची, कापडानं मढवलेली ती विमानं. खाली कोसळली तेव्हा त्यांचा चक्काचूर झाला. डीहेवन वाचला, पण पोटात यकृताला आणि स्वादुपिंडाला जबर इजा झाली. महिनोन्‌महिने तो इस्पितळात पडून राहिला.

सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. डीहेवनला ते पटलं नाही. पडल्यापडल्या तो हिशेब करत बसला. आपण वाचलो, कारण बसायची जागा जवळजवळ शाबूत राहिली. मग पोट कशानं फाटलं? तेव्हाच्या कमरपट्ट्याचं बक्कल मोठं आणि टोकदार असे. जखमा बरोबर त्या बक्कलाच्या जागी होत्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाळा हा पट्टा! डीहेवन म्हणाला, पट्टा राहू द्या, बक्कल बदला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अपघात झाला की आपण एकच प्रश्न विचारतो : हे झालं कसं? चूक कुणाची? डीहेवननं त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न मांडला : अपघात झाला तो झाला, पण त्यात माणूस नेमका कशानं मेला? वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण त्यांची उत्तरं वेगळी असतात.

हा दुसरा प्रश्न लहान विमानांच्या बाबतीत फार मोलाचा होता. लहान विमानं म्हणजे मोटारीसारखं पिस्टनचं इंजिन, पुढं फिरणारा पंखा आणि आत दोन किंवा चार माणसं. अमेरिकेत १९३८पासून पुढच्या दहा वर्षांत पायपर कंपनीची ‘जे-३ कब’ ही पिवळी विमानं सुमारे वीस हजार तयार झाली. इंजिन अवघं ६५ अश्वशक्तीचं. हे विमान ताशी साठेक किलोमीटरच्या वेगानंही हवेत तरंगू शकतं. त्याखाली वेग गेला की पंखांचा आधार सुटतो आणि नाक खाली करून ते पडतं. नेहमीचा अपघात असा : उड्डाण होताच इंजिन बंद पडतं. समोरच्या शेतात सरळ उतरावं, तर वैमानिकाला मागची धावपट्टी ओढ लावते. तो वळतो, वळताना वेग हरवतो आणि विमान खाली येतं. चौकशीचा कागद तयार : ‘वैमानिकाची चूक’. सही, शिक्का, फाईल बंद.

चूक होतीच, कोण नाही म्हणतो? पण विमान जमिनीवर आपटलं तेव्हा त्याचा वेग जीपएवढा किंवा त्याहून थोडा जास्त होता. आणि पुष्कळदा, नाक चेपलेलं असलं तरी माणसं बसण्याची जागा धड राहिलेली असे. तरीही आतला माणूस मेलेला असे. का?

डीहेवननं मधल्या काळात यंत्रांचे शोध लावून चार पैसे कमावले होते. १९३०नंतरच्या दशकात तो पुन्हा या प्रश्नाकडं वळला. सुरुवात स्वयंपाकघरात झाली. उंचावरून अंडी खाली सोडायची आणि खाली अंथरलेल्या रबरी फोमवर ती फुटतात की नाही ते पाहायचं! मग त्यानं उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा माग काढला. ५० ते १५० फुटांवरून पडलेल्या अशा आठ माणसांवरचा त्याचा लेख १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक बाई सतराव्या मजल्यावरून, म्हणजे १४४ फुटांवरून पडली होती. ती पडली पत्र्याच्या एका वायुवीजन पेटीवर, आणि ती पेटी सुमारे दीड फूट चेपली गेली. बाईचे हात मोडले, पण ती उठून बसली. आता १४४ला दीडनं भागा, ९६ येतात. म्हणजे तिच्या देहानं स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ शंभरपट जोर क्षणभर सोसला होता. गुरुजी असते तर म्हणाले असते, वेळ आली नव्हती. डीहेवन म्हणाला, पेटी चेपली म्हणून बाई वाचली.

त्याच १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यानं अपघातांतल्या इजांचं संशोधन सुरू केलं. लहान विमान पडलं की तपासणाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी त्याला माहिती पाठवायची : कोण कुठं बसलं होतं, पट्टा टिकला की तुटला, डोकं कशावर आदळलं, जखम कुठं झाली. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. कमरेचा पट्टा माणसाला खुर्चीत धरून ठेवी, पण धड पुढं फेकलं जाई आणि डोकं समोरच्या उपकरणांच्या फलकावर आपटे. त्या फलकावर होत्या कठीण कडा आणि बाहेर आलेल्या खुंट्या. कित्येकदा पट्टा किंवा खुर्चीच निसटे. जमिनीनं ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांना विमानाच्या आतल्या सामानानं मारलं होतं.

याचा हिशेब शाळेतल्या गणितासारखा आहे. समजा, विमान ताशी ७२ किलोमीटर वेगानं आपटलं आणि नाक चेपत, जमीन उकरत दोन मीटरांत थांबलं. जो माणूस विमानाशी नीट बांधलेला आहे, तोही दोन मीटरांतच थांबेल. त्याला वजनाच्या दहापट झटका बसेल. तो सोसता येतो. पण जो बांधलेला नाही, तो विमान थांबलं तरी त्याच वेगानं पुढं जातो आणि फलकावर पाच सेंटीमीटरांत थांबतो. त्याला झटका बसतो चारशेपट. विमान तेच, वैमानिकाची चूक तीच. फरक फक्त एका पट्ट्याचा.

१९५२ साली डीहेवननं आपलं सगळं म्हणणं एका साध्या उपमेत मांडलं. मी कवी, मला त्याचा हेवा वाटतो. तो म्हणाला, काचसामान पाठवणाऱ्याला जे कळतं ते आपण माणसांच्या बाबतीत का विसरतो? खोकं फुटता कामा नये. त्याचं बाहेरचं अंग ठिसूळ नको, चेपून धक्का गिळणारं हवं. आतली वस्तू हलता कामा नये. आणि तिला ज्यानं धरून ठेवायचं, त्याचा भार वस्तूच्या मजबूत भागावर यायला हवा. आपल्या कोकणातला बागायतदार हेच करतो. फळीची पेटी, आत पेंढा आणि पेंढ्यात घट्ट बसवलेले आंबे. ट्रक कितीही उसळला तरी आंबा आंब्यावर आपटत नाही. हापूसची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी वैमानिकाची घेतली जात नव्हती.

या शिकवणीवर एक विमानही बांधलं गेलं. टेक्सासमधल्या एका कृषी महाविद्यालयात फ्रेड वीक या अभियंत्यानं पिकांवर औषध फवारणारं ‘एजी-१’ तयार केलं. ते १ डिसेंबर १९५० रोजी प्रथम उडालं. फवारणीची विमानं पिकांच्या शेंड्यांवरून उडतात, तारांना अडकतात, पडतात. म्हणून वीकनं पडण्याचाही विचार आधीच केला. वैमानिकाला उंच आणि मागं बसवलं, इंजिन आणि औषधाची टाकी त्याच्या पुढं ठेवली, भोवती मजबूत पिंजरा आणि खांद्यांवर पट्टे दिले. विमान पडलं तर आधी विमान चेपेल, माणूस नंतर. पुढं १९५९ साली आलेल्या पायपर ‘पॉनी’ विमानात वीकनं हीच रचना ठेवली.

पण एक सांगायला हवं. दुसऱ्या प्रश्नानं पहिला प्रश्न मिटत नाही. ३ फेब्रुवारी १९५९च्या रात्री अमेरिकेत आयोवा राज्यात एक लहान विमान बर्फाळ शेतात कोसळलं आणि बडी हॉली हा तरुण गायक, त्याचे दोन साथीदार गायक आणि वैमानिक मरण पावले. तिथं वेगच इतका होता की कुठलाही पट्टा पुरला नसता. २१ वर्षांचा तो वैमानिक नुसत्या उपकरणांवर उडण्यास पात्र नव्हता. पण चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. हवामानाचे इशारे त्याच्यापर्यंत पोचले नव्हते आणि विमानाचा कल दाखवणारं उपकरण त्याच्या सवयीचं नव्हतं, हेही तिनं नोंदवलं. ‘चूक’ या शब्दापाशी थांबायचं नाही, त्याच्या पलीकडं पाहायचं, हा धडा दोन्ही प्रश्नांना सारखाच लागू आहे.

आता या गोष्टीतला बोचणारा भाग. खांद्याच्या पट्ट्याचं मोल कॉर्नेलच्या कागदांत १९४०च्या दशकातच दिसू लागलं होतं. अमेरिकेत नव्या लहान विमानांच्या पुढच्या आसनांना तो सक्तीचा झाला १९७८च्या जुलैत, आणि सगळ्या आसनांना १९८६च्या डिसेंबरात. मधे तीसहून अधिक वर्षं गेली. १९८५ साली तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं लहान विमानांच्या अपघातांचा अभ्यास करून सांगितलं, की त्यांत मेलेल्यांपैकी वीस टक्के माणसं खांद्याच्या पट्ट्यानं वाचू शकली असती. पाचांतला एक! एखादी गोष्ट कळणं आणि ती वळणं यांच्यामध्ये किती माणसं जातात, याचा हा हिशेब आहे.

ही शिकवण विमानांतून मोटारींतही उतरली. रॉजर ग्रिस्वोल्ड आणि डीहेवन यांना १९५५ साली खांदा आणि कंबर दोन्ही धरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळालं. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिननं तो सुधारून आज आपण वापरतो तसा तीन टोकांचा केला. आपल्या प्रत्येक मोटारीत तो आहे, मागच्या आसनालाही आहे, पण मागं बसणारे तो बहुधा गादीखाली दडपून ठेवतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२पासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा बंधनकारक केला. कॉर्नेलमधल्या त्या कामाला तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती.

डीहेवन १९८० साली वारला. मामूही आता नाहीत. त्या जीपमध्ये ते कुठं बसले होते, कशाला धरून होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. काळ आणि वेळ आपल्या हाती नाही, हे मलाही मान्य आहे. पण बक्कल आपल्या हाती आहे. यापुढं कुणी वाचलं तर जरूर शुकर माना, खैरात करा. आणि मग एकदा दरीत उतरून ती जीप पाहून या.