एका केबलचीं दोन टोकें

संगणकाच्या पेटींत नवें ग्राफिक्स कार्ड बसविण्याचें काम वरवर पाहतां फार सोपें आहे. झांकण काढावें, जुनें कार्ड उपसावें, नवें त्याच खांचेंत दाबून बसवावें आणि एसएमपीएसमधून, म्हणजे घरांतील वीज संगणकाला मानवेल अशा रूपांत उतरवून देणाऱ्या वीजपेटींतून, आलेली केबल कार्डाच्या कडेला लावावी. अर्ध्या तासाचें काम. परंतु जीव आहे तो या शेवटच्या क्रियेंत. प्लग खांचेंत बसला म्हणजे तो तेथलाच असला पाहिजे, असा मनुष्याचा स्वाभाविक समज असतो. किल्ली फिरली कीं कुलूप आपलें! या समजाला वेळोवेळीं कसकसा तडा गेला, त्याचा इतिहास चाळीस वर्षांहून थोडा मोठा आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याची वीजपेटी अवघी ६३.५ वॅटांची होती; खोलींतला एखादा जुन्या तऱ्हेचा दिवाहि तेवढी वीज खाई. या पेटींतून मदरबोर्डाकडे दोन प्लग जात. पी-८ आणि पी-९ हीं त्यांचीं नांवें. दोन्ही एकाच घाटाचे आणि शेजारीं शेजारीं बसणारे. त्यांची अदलाबदल झाली तर भलत्या ठिकाणीं भलता दाब जाऊन मदरबोर्ड निकामी होण्याची धास्ती असे. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांत एक खूण रूढ झाली : दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना भिडल्या पाहिजेत. काळ्याला काळी. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘एटीएक्स’ नांवाची मोजमापांची संहिता प्रसिद्ध केली आणि दोन प्लगांच्या जागीं वीस पिनांचा एकच प्लग आणला. त्याचीं कांहीं छिद्रें चौकोनी तर कांहीं कोपरे कापलेलीं. उलटा लावूं म्हटलें तरी लागत नसे. यंत्र जोडणाऱ्याच्या डोळ्यांवरचा भार प्लगाच्या आकारानें उचलला.

ग्राफिक्स कार्डाला त्या काळीं स्वतंत्र केबल ठाऊकच नव्हती. पडद्यावर अक्षरें उमटविण्यापुरती वीज त्याला ज्या खांचेंत तें बसे तेथूनच मिळे. १९९२ च्या पीसीआय खांचेची मर्यादा २५ वॅटांची होती. १९९७ च्या सुमारास आलेल्या एजीपी खांचेची चाळीस-बेचाळीसच्या घरांत. परंतु खेळांतील दृश्यें त्रिमिति झालीं तशी कार्डांची भूकहि वाढली. २००० सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू ५ ५५००’ या कार्डानें हार्ड डिस्कसाठीं ठेवलेला चार पिनांचा प्लग आपल्या अंगाला जोडून घेतला. (बाजारांत या प्लगाला सर्रास मोलेक्स म्हणतात. वस्तुतः त्याचा मूळ घाट १९६३ सालीं एएमपी या दुसऱ्याच अमेरिकन कंपनीनें काढलेला. नांव एकाचें आणि कर्तृत्व दुसऱ्याचें, हा न्याय प्लगांच्या जगांतहि आहेच.) याच कंपनीनें चार चिपांचें ‘व्हूडू ५ ६०००’ तयार केलें, तेव्हां त्याच्यासाठीं भिंतींतून थेट वीज घेणारी वेगळी डबी योजिली होती. तें कार्ड विक्रीला आलेंच नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचा करार केला. पुढची चार वर्षें उसनवारीचीं गेलीं. २००२ च्या ‘रेडिऑन ९७०० प्रो’नें फ्लॉपीचा इवलासा प्लग घेतला, तर २००४ च्या ‘जीफोर्स ६८०० अल्ट्रा’ला हार्ड डिस्कचे दोन प्लग लागले.

अखेर पीसीआय एक्स्प्रेस या नव्या खांचेबरोबर कार्डाला स्वतःचा प्लग मिळाला. खांच ७५ वॅट देणार, सहा पिनांचा प्लग आणखी ७५, आणि कांहीं वर्षांनीं आलेला आठ पिनांचा प्लग १५०. येथें एक गंमत आहे. सहाच्या आठ पिना झाल्या, परंतु वाढलेल्या दोन्ही पिना परतीच्या, म्हणजे ‘ग्राउंड’च्या, बाजूच्या, त्यांतली एक तर केवळ मोठा प्लग लागल्याची खूण कार्डाला पटविण्यापुरती. बारा व्होल्ट वाहून नेणाऱ्या तारा तीनच राहिल्या. सहा पिनांच्या प्लगांत त्यांतली तिसरी ऐच्छिक होती, ती आठांत सक्तीची झाली, इतकेंच. मर्यादा दुप्पट झाली ती कागदावर. तांब्याच्या अंगीं तेवढी ताकद आधींपासूनच होती.

याच सुमारास प्रोसेसरसाठींहि आठ पिनांचा एक प्लग प्रचारांत होता. दोघे शेजारीं ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. परंतु एकाच्या ज्या ओळींत बारा व्होल्ट, दुसऱ्याच्या त्याच ओळींत ग्राउंड. छिद्रांचे आकार वेगळे ठेवले होते खरे, पण प्लास्टिक मऊ असतें आणि उतावळ्या माणसाचा अंगठा कठीण. बसत नाहीं म्हणून जोर करणाऱ्याला मग त्या आकारांतील शहाणपण उशिरां कळे.

तथापि या साऱ्या संहितांत एक मोठी उणीव राहून गेली होती. जुन्या वीजपेटींत केबली आंतूनच डांक देऊन पक्क्या केलेल्या असत. केबलीला एकच मोकळें टोंक, आणि त्या टोंकाला कायदा होता. नंतर ‘मॉड्युलर’ वीजपेट्या आल्या. हव्या तेवढ्याच केबली लावाव्यात, नको त्या काढून ठेवाव्यात, पेटींत गुंता होऊं नये, हवा खेळती राहावी, सोय उत्तमच. परंतु आतां केबलीला दुसरें टोंक फुटलें, आणि त्या टोंकाला कोणताच कायदा नव्हता. संहितेनें कार्डाच्या, डिस्कच्या आणि मदरबोर्डाच्या बाजूची प्रत्येक पिन नेमून दिली. वीजपेटीच्या बाजूला कोणत्या छिद्रांत काय असावें, हें ज्या त्या कारखानदारावर सोडून दिलें. त्यानें तें आपल्या सोयीनें ठरविलें. इतकेंच नव्हे, एकाच कारखान्याच्या दोन मालिकांतहि तें बदललें. प्लगाचा सांगाडा मात्र बहुतेकांनीं बाजारांत सहज मिळणारा, म्हणजे तोच, वापरला.

घरोघर याचा अनुभव एकाच रीतीनें येतो. मोठें कार्ड आणलें म्हणून वीजपेटीहि मोठी आणली जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार कार्डाबरोबर ‘एसएमपीएस केवढ्याचा?’ हें विचारतोच. केबली कोठल्या, हें तो क्वचित् विचारतो. जुन्या केबली पेटीच्या मागल्या अंगानें नीट बांधून काढलेल्या असतात, त्या सोडविण्याचा कंटाळा येतो. जुनी वीजपेटी तेवढी काढून नवी तिच्या जागीं ठेवतात आणि त्याच केबली तींत खोंचतात. त्या बसतात, ‘टक्’ असा आवाजहि करतात. बटण दाबल्यावर नशीब थोर असेल तर वीजपेटी स्वतःच दोष ओळखून बंद पडते. नसेल तर डिस्कला पांच व्होल्टांच्या जागीं बारा मिळतात, आणि कुटुंबाचीं दहा वर्षांचीं छायाचित्रें एका क्षणांत हातचीं जातात. कार्ड पुन्हां विकत मिळतें; तीं मिळत नाहींत. या अपघाताला वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाहीं. जें चुकीचें आहे तें बसूंच नये, एवढ्यासाठीं प्लगाला आकार देतात. आणि येथें आकारानेंच साक्ष फिरविलेली असते.

जोडतुकड्यांची, म्हणजे अ‍ॅडॉप्टरांची, गोष्ट थोडी निराळी. तेथें व्होल्ट बरोबर असतात, चुकतो तो अँपिअरांचा हिशेब. साटा डिस्कच्या प्लगांत बारा व्होल्टांच्या तीन बारीक पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. सारें मिळून ५४ वॅट. तिच्या टोंकाला ७५ वॅटांचा सहा पिनी प्लग लावून देणारे तुकडे तरीहि विकले गेले. एकाच केबलीला दोन आठ पिनी तोंडें काढून दोन्ही कार्डाला लावलीं, तर तीन तारांवर ३०० वॅटांचा, म्हणजे २५ अँपिअरांचा, भार पडूं शकतो, हेंहि त्याच जातीचें.

२०२२ सालीं सोळा पिनांचा नवा प्लग आला : विजेच्या बारा आणि खुणेच्या चार चिमुकल्या. एकट्यानें ६०० वॅट नेण्याची त्याची प्रतिज्ञा होती. जुन्या प्लगांत दोन पिनांमधील अंतर ४.२ मिलिमीटर, यांत तीनच. बारा व्होल्टांवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. ते सहा पिनांत वांटले कीं प्रत्येकीला आठाहून अधिक. पिनेची सहनशक्ति नऊ-साडेनऊ. जुन्या आठ पिनी प्लगांत पूर्ण भारावरहि पिनेला चारच्या आसपास येत, आणि प्रवाह दुप्पट झाला कीं सांध्यांतील उष्णता चौपट होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ४५० वॅटांचें ‘आरटीएक्स ४०९०’ विक्रीस आलें आणि वितळलेल्या प्लगांचीं छायाचित्रें जगभर फिरूं लागलीं. आपल्याला सुमारें ५० प्रकरणें ठाऊक असून बहुधा प्लग पुरता आंत बसविलेला नव्हता, असें एनव्हिडियानें नोव्हेंबरांत सांगितलें. २०२३ सालीं घाट सुधारला : खुणेच्या पिना आखूड आणि विजेच्या किंचित् लांब केल्या, म्हणजे प्लग पुरता न बसल्यास खूण पटूंच नये आणि कार्डानें भार मागूं नये.

तरी प्रश्न मिटला नाहीं. २०२५ च्या जानेवारींत ५७५ वॅटांचें ‘आरटीएक्स ५०९०’ आलें. फेब्रुवारींत एका जर्मन परीक्षकानें मोजून दाखविलें कीं सहांपैकीं एका तारेंतून वीस अँपिअरांहून अधिक प्रवाह जात होता आणि इतर तारांवर त्याहून पुष्कळ कमी भार होता. याचें मूळ कार्डाच्या पोटांत होतें. २०२२ च्याच ‘३०९० टीआय’मध्यें सहा पिना जोडीजोडीनें वेगळ्या ठेवून प्रत्येक जोडीवर पहारा ठेवलेला होता, पुढच्या कार्डांत त्या आंत शिरतांच एकत्र केल्या गेल्या. मग कोणती तार किती ओझें उचलते हें कार्डाला कळण्याचा मार्गच उरला नाहीं. एक पिन सैल बसली कीं तिचा वांटा निमूटपणें शेजारणीवर जातो.

कांहीं कारखानदारांनीं अलीकडे या प्लगाचें तोंड पिवळें रंगविलें आहे. तो पुरता आंत गेला कीं पिवळा रंग दिसेनासा होतो. बारीकशी पिवळी रेघ जरी दिसली तरी तो काढून पुन्हां बसवावा लागतो.