विद्यापीठीय तक्रार-निवारण यंत्रणा

विद्यापीठीय तक्रार-निवारण यंत्रणा, भारतातील : विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांना भेदभाव, लैंगिक छळ व व्यक्तिगत हिंसा यांपासून संरक्षण मिळावे, तक्रारींची रीतसर चौकशी व्हावी आणि पीडित व्यक्तीस समुपदेशनादी साहाय्य लाभावे, यांसाठी विद्यापीठांत स्थापन करण्यात आलेल्या समित्या, कक्ष व सेवा. भारतात या यंत्रणा विद्यापीठांच्या स्वयंप्रेरणेने क्वचितच निर्माण झाल्या. बहुतेकींच्या मुळाशी न्यायालयाचा आदेश आणि त्याच्याही मागे एखादी दुर्घटना आढळते.

पूर्वी अशा तक्रारी कुलसचिव किंवा वसतिगृहप्रमुख यांच्याकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून जात आणि पुष्कळदा संस्थेच्या नावलौकिकाच्या काळजीने तेथेच मिटविल्या जात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. पुढील दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने इतरत्रही अशी केंद्रे काढण्यास साहाय्य दिले. छळ ही खाजगी बाब नसून सत्तासंबंधांचा भाग आहे, या विचाराला त्यामुळे विद्यापीठांत जागा मिळाली. परंतु दाद मागण्याचे ठिकाण निर्माण झाले नाही. राजस्थानातील भंवरीदेवी या ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उद्‌भवलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात आणि संस्थेबाहेरील त्रयस्थाचा सहभाग असावा. संसदेने कायदा करीपर्यंत ही तत्त्वे कायद्याप्रमाणे बंधनकारक होती; हा काळ सोळा वर्षांचा ठरला.

विद्यापीठीय क्षेत्रात या तत्त्वांचा सर्वांत लक्षणीय विस्तार दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झाला. तेथे १९९९ मध्ये लैंगिक छळविरोधी समिती स्थापन झाली. ‘जीएसकॅश’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांचे प्रतिनिधी तीत त्या त्या घटकाच्या मतदानाने येत, हे तिचे वैशिष्ट्य होय. निवडणुकीमुळे छळाच्या प्रश्नावर आवारात दरवर्षी उघड चर्चा होई. उमेदवारांना गोपनीयता, चौकशीची पद्धत यांविषयी प्रश्न विचारले जात. समितीचे निष्कर्ष मात्र शिफारशींच्या स्वरूपाचे असत व कारवाईचा अधिकार विद्यापीठाकडेच राही. ही तिची मर्यादा होती. तथापि आपण निवडलेल्या व्यक्तीकडे तक्रार नेता येते, हा विश्वास शिफारशीच्या कायदेशीर बळाहून कमी मोलाचा नव्हता.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०१३ मध्ये ‘सक्षम’ हा अहवाल दिला. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम संमत झाला. त्याने शिक्षणसंस्थांचाही समावेश केला, पण अंतर्गत समितीची नेमणूक नियोक्त्याच्या हाती ठेवली. कारखाना व कचेरी डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही रचना विद्यापीठास पूर्णतः लागू पडत नाही. विद्यार्थी हा नोकर नव्हे आणि संशोधक विद्यार्थ्याचे भवितव्य तर मार्गदर्शकाच्या एका अभिप्रायावर अवलंबून असते. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी (अधिसूचना मे २०१६) ही उणीव अंशतः भरून काढली. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी-सदस्य निवडून घ्यावेत; कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांना समितीत घेऊ नये; चौकशी नव्वद दिवसांत संपवावी आणि ती चालू असता प्रतिवादीने तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करू नये, अशी तरतूद त्यांत आहे. पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही छळ होऊ शकतो, हे त्यांत मान्य केले आहे. सुरक्षिततेची सबब सांगून वसतिगृहातील मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, हे कलम विशेष उल्लेखनीय आहे. रात्री मुलींना आत कोंडणे म्हणजेच संरक्षण, ही समजूत अद्याप सर्वत्र गेलेली नाही.

अध्यापक व कर्मचारी सदस्य मात्र या विनियमांनुसारही कार्यकारी अधिकाऱ्याने नामनिर्देशित करावयाचे असतात. याच विनियमांचा आधार घेऊन जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने सप्टेंबर २०१७ मध्ये जीएसकॅश बरखास्त करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणली. नव्या कायद्याशी सुसंगती हे कारण देण्यात आले. नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीतील समितीपुढे त्याच वर्तुळातील व्यक्तीविरुद्ध कोण बोलेल, असा विद्यार्थी व अध्यापक संघटनांचा सवाल होता आणि हा वाद दिल्ली उच्च न्यायालयातही गेला.

जातिभेदाच्या तक्रारींची वाट याहून अवघड राहिली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि परीक्षांतही वेगळी वागणूक मिळत असल्याचे तिला आढळले. आयोगाने २०१२ मध्ये समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याविषयी विनियम केले. तरीही २०१६ मध्ये हैदराबाद येथे रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केल्या. मुंबईतील प्रकरणात रॅगिंगचाही आरोप होता, आणि महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून अस्तित्वात होता. दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून २०१२ च्या विनियमांची अंमलबजावणी मागितली. उच्च शिक्षणसंस्थांतील आत्महत्या व विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य यांचा विचार करण्यासाठी याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले.